सगळ्यांच्या भाषेतला शब्द

१

पाळणाघर चालवायला दणकट कंबर लागते आणि परक्याची भाषा तोंडात घ्यायला लाज वाटून चालत नाही, असं मावशी सांगायची. कंबर अलीकडे कुरकुर करू लागली होती. भाषेच्या बाबतीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गोदीच्या मागच्या गल्लीत, पूर्वी जिथे लाँड्री होती त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं पाळणाघर होतं. गोदीत कामाला कुठून कुठून माणसं आलेली. वेल्डरची भाषा क्रेनवाल्याला कळत नसे, क्रेनवाल्याची बेकरीतल्या बाईला कळत नसे. एकमेकांशी मोडकंतोडकं बोलून ती वेळ मारून न्यायची. मुलं मात्र सकाळी सगळी मावशीच्या हवाली व्हायची, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मोडकंतोडकं चालत नाही. त्याला पाणी हवं असतं ते त्याच्याच पाण्याच्या नावाने.

म्हणून नवं मूल आलं की मावशी त्याच्या आईबापांना पहिल्या दिवशी बसवून घ्यायची आणि मोजके शब्द शिकून घ्यायची. पाणी, भूक, शू, आई, दुखतंय. लिहून काही ठेवायची नाही, सगळं तोंडपाठ. आणि तिचा एक नियम होता. मुलाने शब्द टाकला की तो खाली पडू द्यायचा नाही, जसाच्या तसा त्याला परत द्यायचा. मग उच्चार चुकला तर मूल हसायचं, दुरुस्त करायचं आणि त्या दुरुस्तीच्या नादात रडायचं विसरायचं. तिची धाकटी जाऊ स्वयंपाक आणि धुणं बघायची, ती म्हणायची, "ताई, तुमच्या तोंडाची नुसती धर्मशाळा झालीय." मावशीला त्या धर्मशाळेचा अभिमान होता.

सल एकच होता, आणि तो घरचाच होता. मावशीची नात ठकी तीन वर्षांची व्हायला आली तरी तिने एक शब्द उच्चारला नव्हता. कान शाबूत, समज तर नको तितकी. पेला खाली ठेव म्हटलं की ती डोळ्यांत डोळे घालून तो उपडा करायची. पण तोंड उघडायचं नाव नाही. बाप जहाजावर, आई इस्पितळात नर्स, म्हणून ठकी दिवसभर आजीच्याच पाळणाघरात. जगभरच्या मुलांना बोलतं ठेवणाऱ्या मावशीच्या घरात हे मूल मुकं राहावं, हे तिला आत कुठेतरी फार लागलं होतं. रोज झोपताना ती ठकीच्या तोंडाकडे बघत राहायची.

२

दुपारी जेवणं झाली की मागच्या खोलीत गाद्या पडायच्या. लाँड्रीच्या काळात या खोलीच्या मागच्या भिंतीला कपडे देण्याघेण्याची एक खिडकी होती, गुडघ्याच्या उंचीपासून वर, दुधी काचेची. मागे नवी इमारत भिंतीला भिंत लावून उभी राहिली तेव्हा ती कायमची बंद झाली. काच तेवढी राहिली होती. काचेमागे विटा, मध्ये जेमतेम बोटभर जागा.

एका दुपारी वेल्डरचा मुलगा, मावशीचा ढब्बू, त्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. मावशीला वाटलं झोपला. तेवढ्यात तो एक शब्द बोलला. छोटासा, दोन अक्षरी. मावशी तो आजही कुणाला सांगत नाही, आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, पण नियम तो नियम. तिने तो हळूच ढब्बूला परत दिला. ढब्बू हसला नाही, दुरुस्तही केलं नाही. तो नुसता भिंतीकडे बघत राहिला.

संध्याकाळी तिने वेल्डरला विचारलं. तो खूश झाला. म्हणाला, आमच्यात झाकणाला म्हणतात. माझी आजी म्हणायची, पातेल्यावर झाकण वाफेने उडतं ना, तेव्हा जो आवाज होतो त्यावरून आलाय तो शब्द. जुना आहे, पोराने कुठे ऐकला कोण जाणे. मावशीने झाकण आपल्या खजिन्यात टाकलं.

चार दिवसांनी बेकरीतल्या बाईची पिंगी तोच शब्द बोलली. मावशीला वाटलं ढब्बूचं ऐकून बोलली असेल. पण पिंगीची आई म्हणाली, छे, हा तर आमचाच शब्द. धाकट्या काकाला आम्ही असंच म्हणतो. आमच्या कुळात एक लाडावलेला धाकटा होऊन गेला, त्याचंच नाव पुढे सगळ्या धाकट्यांना पडलं. मग क्रेनवाल्याचा मुलगा, ज्याला सगळे बोका म्हणत, त्याने तोच शब्द काढला. क्रेनवाल्याने सांगितलं की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ निवलेलं, म्हणजे आता खायला हरकत नाही असं. तो शब्द म्हणे मिठाच्या व्यापाऱ्यांबरोबर आला होता.

मावशीला मोठी गंमत वाटली. तिने स्वयंपाकघरात जाऊन जावेला सांगितलं की बाई गं, एक शब्द सगळीकडे आहे, आणि प्रत्येकाकडे त्याचं घराणं वेगळं. जाऊ कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग त्यात काय? आपल्यातही आहे की. दुलईच्या काठाला म्हणतात. माझी आजी म्हणायची."

मावशी आयुष्यभर हीच भाषा बोलत आली होती. तिने तो शब्द कधी ऐकला नव्हता.

३

ठकीसाठी आठवड्यातून एकदा वाचा-उपचाराच्या बाई यायच्या. मावशीने त्यांच्या कानावर घातलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि नीट उत्तर दिलं. माणसाच्या तोंडातून निघणारे सोपे आवाज थोडेच असतात, त्या म्हणाल्या. मुलं आधी तेच काढतात. भाषा पुष्कळ, आवाज थोडे, मग दूरदूरच्या दोन भाषांत एकच शब्द सापडला तर नवल नाही. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, निव्वळ योगायोग. त्यांनी अशी दोन-चार उदाहरणंही दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि मावशीला ते पटलंही.

पटलं, पण मन काही स्वस्थ बसेना. कारण ढब्बू तो शब्द बोलला तेव्हा जवळपास झाकण नव्हतं. पिंगीचा काका नव्हता, आणि बोक्यासमोर निवलेलं किंवा गरम काहीच नव्हतं. तिघंही गादीवर पडलेली, तिघांचीही तोंडं खिडकीकडे. आणि बोलण्याची ढबही एकच. आधी थोडं गप्प राहायचं, मग शब्द, आणि मग सुटका झाल्यासारखा श्वास. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारावा आणि पोराला नेमकं उत्तर आठवावं, तसं.

कुणाच्या प्रश्नाचं उत्तर, असं मनात आलं आणि मावशी स्वतःवरच चिडली. म्हातारपणी हे काय नवीन, असं म्हणून ती दुपट्यांच्या घड्या घालायला बसली.

४

तरी दुसऱ्या दुपारी ती मुलांच्या मधोमध आडवी झाली. जावेला सांगितलं कंबर धरलीय. जावेने तेलाची बाटली आणून ठेवली आणि ती भांडी घासायला गेली.

खोलीत उन्हाची एक पट्टी होती. मुलांचे श्वास चालू होते, कुणाचा घुरघुरता, कुणाचा शिट्टीसारखा. मावशीचा डोळा लागायला आला होता. आणि मग सगळे श्वास एकदम थांबले.

आवाज काही झाला नाही, हे ती शपथेवर सांगते. पण विचारलं गेलं, एवढं नक्की. अंधारात कुणी आपल्याकडे बघत असलं की कळतं ना, तसं तिला ते अंगावर कळलं. मग पिंगी तो शब्द बोलली, तिच्यामागून बोका, त्याच्यामागून ढब्बू. श्वास पुन्हा सुरू झाले. मावशीने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. दुधी काचेवर वाफेचे ठिपके उमटले होते, उभ्या राहिलेल्या लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर. तिने उठून ते पुसायला फडकं फिरवलं. फडकं कोरडं राहिलं. वाफ पलीकडून होती.

पलीकडे बोटभर जागा आणि विटा. तिने स्वतःला समजावलं की विटांना ओल धरली असेल. दोन दिवसांनी गवंड्याला बोलावून दाखवलं. त्याने मागच्या इमारतीत जाऊन भिंत ठोकून पाहिली आणि सांगितलं की विटा खडखडीत कोरड्या आहेत. काच काढून भिंत लिंपायची तर माणूस पुढच्या महिन्यातच मिळेल. जाताना त्याने मावशीकडे पाणी मागितलं. पाणी म्हणायच्या जागी तो भलतंच काहीतरी म्हणाला. तो तोच दोन अक्षरी शब्द होता, आणि मावशीने तांब्या भरून त्याच्यापुढे केला.

५

मग तिला दिसायला लागलं. खरं तर ते केव्हापासूनच डोळ्यांसमोर होतं.

ढब्बू पाणी मागेनासा झाला होता. तो बाटलीकडे बोट करायचा आणि तो एक शब्द बोलायचा. वेल्डर म्हणायचा, बाटलीचं झाकण उघड म्हणतोय. पिंगी पडली, गुडघा फुटला, आणि ती रडत रडत तोच शब्द बोलली. तिची आई म्हणाली, काकाची आठवण येतेय बिचारीला. बोक्याला भूक लागली तरी तोच शब्द, शू लागली तरी तोच. प्रत्येक घरात त्या शब्दाला अर्थ होता, म्हणून कुठल्याच घरात कुणाला धक्का बसला नाही. मुलांचे बाकीचे शब्द एकेक करून निघून गेले होते. नवं मूल आलं की मावशीच नाही का, मोठ्या कौतुकाने, हा शब्द त्याच्या कानावर घालायची! सगळ्यांच्या भाषेत आहे म्हणून. शब्द घरोघर पोचवायला त्याला मावशीचं तोंड आयतं मिळालं होतं.

त्या दिवशी तिने जावेकडे फडकं मागितलं. म्हणजे मागायला गेली, आणि तोंडातून तो शब्द निघाला. जावेने काही विचारलं नाही. शांतपणे फडकं काढून हातात दिलं.

मावशीने ठरवलं की ठकीला इथे ठेवायचं नाही. संध्याकाळी तिने सुनेला एवढंच सांगितलं की चार दिवस रजा घे आणि पोरीला घरी ठेव. खरं कारण सांगायला धीर झाला नाही. सूनबाईचा चेहरा उजळलेला होता. तिने सकाळीच पाहिलं होतं, ठकी ओठ हलवायला लागली होती. आवाज नाही, पण ओठांची हालचाल स्पष्ट.

"आई, आत्ता कशी घरी ठेवू? मुलांत राहूनच बोलेल असं बाई म्हणाल्यात ना? तो बघा ना, सगळी मुलं म्हणतात तो शब्द, तसेच ओठ करते. मला तर तोच पहिला शब्द आला तरी चालेल. काहीही येऊ दे, पण येऊ दे."

तीन वर्षं वाट बघणाऱ्या आईला काय सांगायचं? मावशीने रजेचा विषय तिथेच सोडला. रात्रभर तिला एकच भीती होती. बाकीच्या मुलांकडे निदान गमावण्याआधी शब्द होते. ठकीचा पहिलाच शब्द तो झाला, तर त्याच्यामागून दुसरा कधीच यायचा नाही.

६

दुसऱ्या दिवशी जाऊ बाजारात गेली आणि दुपारी मावशी एकटीच होती. तिने खिडकीवर जाड दुलई टांगली, खिळे ठोकून. मुलं निजली. ठकीला तिने मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

श्वास थांबले. पिंगी बोलली, बोका बोलला, ढब्बू बोलला, आणि मग कोपऱ्यातलं परवाच आलेलं तान्हंही बोललं. त्याला अजून धड आईसुद्धा म्हणता येत नव्हतं. दुलईचा एक खिळा सुटला, मग दुसरा, आणि ती काही घाई नसल्यासारखी खाली घसरली. काच पांढरी होऊन गेली होती. ठकी मांडीवरून कधी निसटली ते मावशीला कळलंच नाही. ती पोट पुढे काढून काचेसमोर उभी होती. तिच्या तोंडासमोर वाफेचा एक ठिपका होता. ती बाजूला सरकली की तोही सरकायचा. ठिपका मधोमध विरळ झाला आणि मावशीला क्षणभर ओठ दिसले. मिटलेले, वाट बघणारे. ते मुलाचे नव्हते.

ठकीचे ओठ हलले.

मावशी उठली. नातीला ओढून न्यावं तर कुठे न्यायचं, काचेमागचं ते तर उद्याही विचारणार. ती ढब्बूच्या गादीशी जाऊन बसली आणि पाणी म्हणायला तोंड उघडलं, त्याच्या भाषेतलं पाणी. जिभेवर तोच शब्द आला. तिने दात आवळले. पहिल्या दिवशी ढब्बूची आई कशी समोर बसली होती, मावशीच्या उच्चाराला किती हसली होती, हे तिने आठवलं. आठवता आठवता शब्द सापडला. बोबडा, वाकडा, पण सापडला. ती तो ओरडून म्हणाली.

ढब्बूने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तिचा उच्चार दुरुस्त केला.

मावशीला रडू फुटलं आणि हसूही. मग ती थांबली नाही. पिंगीला तिच्या भाषेत दुखतंय का विचारलं, बोक्याला त्याची भूक दिली, तान्ह्याला त्याची आई दिली. कंबरेचं भान राहिलं नाही. धर्मशाळेचे सगळे दरवाजे तिने एकदम उघडले. पिंगी उठून आपल्या गुडघ्याविषयी भडाभडा बोलायला लागली, बोका जेवण मागायला लागला, ढब्बू पाणी पाणी करत बाटली आपटायला लागला. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. खोलीचा नुसता बाजार झाला आणि काचेवरची वाफ काठाकाठाने आटायला लागली.

पण तो एक ठिपका तसाच राहिला. पुन्हा विचारलं गेलं, या खेपेला फक्त ठकीला, आणि मुलं दचकून गप्प झाली. मावशीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की ठकीला द्यायला तिच्याजवळ काहीच नाही. सगळ्यांचे शब्द होते, हिचा एकही नव्हता. तो हिनेच टाकायला हवा होता.

ठकीने काचेकडे नीट पाहिलं. औषधाचा चमचा समोर आला की बघायची तसं. मग तिने हाताने ते सगळं दूर सारल्यासारखं केलं आणि स्पष्ट, ठसक्यात म्हणाली,

"नको."

ठिपका थरथरला. बहुधा ठकीला तो आवडला असावा, आपला आवाज. ती पुन्हा म्हणाली, "नको." आणि मावशीने, नियम तो नियम, शब्द खाली पडू दिला नाही. नको, ती ठकीला म्हणाली. ढब्बूला तो फारच पसंत पडला. त्याने उचलला, पिंगीने उचलला, बोका तर उड्या मारत ओरडायला लागला. त्या तिघांच्याही घरी तो शब्द नव्हता, त्याचा अर्थ मात्र पोरांना तेवढ्यात कळला होता. सगळं पाळणाघर काचेसमोर उभं राहून नको नको करत होतं.

काच स्वच्छ झाली. पलीकडे विटा अंधुक दिसत होत्या, खडखडीत कोरड्या.

७

संध्याकाळी वेल्डर आला तेव्हा ढब्बू त्याच्या भाषेत सलग काहीतरी सांगत होता. मावशीने न राहवून विचारलं, तुमच्यात झाकणाला काय म्हणतात? त्याने एक लांबलचक शब्द सांगितला. मावशी म्हणाली, दुसरा एक होता ना, तुमची आजी म्हणायची तो? वेल्डर गोंधळला. त्याची आजी त्याच्या जन्माआधीच गेली होती. बेकरीतल्या बाईला धाकट्या काकाचा वेगळा शब्द ठाऊक नव्हता. क्रेनवाल्याला मिठाचे व्यापारी आठवेनात. जावेला विचारलं, तर ती म्हणाली दुलईच्या काठाला काठ म्हणतात, आणखी काय म्हणणार, तुमचं आज काय चाललंय? मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ती हसली आणि म्हणाली, काही नाही गं, चहा ठेव. चहाला चहाच म्हणाली, याचाही तिला आनंद झाला.

सूनबाई सगळ्यांत शेवटी आली, दिवसभराच्या ड्यूटीने आंबलेली. तिने सवयीने हात पसरले आणि म्हणाली, "चल ठके, येतेस ना माझ्याकडे?"

"नको," ठकी म्हणाली.

सूनबाई जिथे होती तिथेच पायरीवर बसली.  मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ पदराने डोळे पुसत म्हणाली, घराण्याला शोभेल असाच शब्द निवडलाय कार्टीने. मग सूनबाईने डोळे कोरडे केले आणि विचारलं, घरी जायचं? नको. दूध हवं? नको. मग काय इथेच राहायचं? नको.

ती ठकीला कडेवर घेऊन निघाली आणि मुद्दाम एकेक गोष्ट विचारत राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत ठकी प्रत्येक प्रश्नाला ठणकावून नकार देत गेली, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत मावशी दारात उभी राहिली.